विमा, पीठ आणि स्टील गिटार

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलला, पाहुणा आला की मी त्याला विमानतळावरून येतानाच सांगून टाकते, या गावात पोट भरायचे दोन रस्ते: दवाखाना नाहीतर गाणं. मी पहिल्या रस्त्यावरची. हॉस्पिटलांची बिलं विमा कंपन्यांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. गाणं हा दुसऱ्यांचा प्रांत. पण इथे रुळल्यावर कळत गेलं, की या गावच्या गाण्याचं बारसंसुद्धा एका विमा कंपनीच्या कचेरीतच झालंय. तेव्हापासून कंट्री या इथल्या गावाकडच्या संगीताशी माझी उगाचच सोयरीक जुळली आहे.

नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट असं त्या कंपनीचं नाव. 5 ऑक्टोबर 1925 ला तिनं आपल्या इमारतीत रेडिओ केंद्र काढलं आणि त्याला नाव दिलं डब्ल्यूएसएम. 'वी शील्ड मिलियन्स', म्हणजे लाखोंना आमचं कवच, या कंपनीच्या घोषवाक्याची ही आद्याक्षरं. धंदा गरिबांच्या छोट्या पॉलिसींचा. आठवड्याला काही सेंटांचा हप्ता, तो गोळा करायला एजंट दारोदार हिंडायचे. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला जॉर्ज हे या निवेदकानं सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसन यांना फिडल, म्हणजे गावाकडच्या ढंगात वाजणारं व्हायोलिन, घेऊन मायक्रोफोनसमोर बसवलं, आणि आज शंभरी उलटून गेलेला 'ग्रँड ओल ओप्री' हा कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री गाणी वाजायची आणि पुढच्या आठवड्यात एजंट दार ठोठावून म्हणायचा, ओप्रीवाल्या कंपनीकडून आलोय. दार उघडायचं.

या हेबुवांची नजर मोठी धंदेवाईक. सुरुवातीच्या वादकांचे फोटो पाहिले तर सगळे नीट सुटाबुटात, टाय लावून, केस चापून बसवलेले. त्यातले एक तर डॉक्टरच होते, हम्फ्री बेट. हे यांनी त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव ठेवलं 'पॉसम हंटर्स', पॉसम नावाच्या रानातल्या प्राण्याची शिकार करणारे. बाकीच्यांनाही अशीच गावरान नावं चिकटवली. पुढच्या फोटोंत तीच माणसं डंगऱ्या आणि वाकड्या टोप्या घालून उभी दिसतात. दिवसा रोगी तपासणाऱ्या माणसाला शनिवारी रात्री अडाणी शेतकरी दिसायचं काम लागलं, कारण ऐकणाऱ्याला गाव हवं होतं आणि कंपनीला ऐकणारा.

म्हणून कोणी सुस्कारा टाकून म्हणालं, की 'पूर्वीचं कंट्री कसं अस्सल होतं, हल्ली नुसता बाजार झालाय', तर मला आधी हा डॉक्टर आठवतो. ही तक्रार इथे न्हाव्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. नवीन गाण्यांत पिकअप ट्रक, बिअर, कच्चा रस्ता आणि तोकड्या जीन्समधली मुलगी एवढंच असतं, ढोलकं संगणकातून येतं, टोपी तेवढी खरी. तक्रार खोटी नाही. 2013 मध्ये जोडी रोझन या समीक्षकानं या प्रकाराला 'ब्रो-कंट्री' म्हटलं आणि ते नाव पक्कं बसलं. पण बाजार काल आला, असं मला म्हणवत नाही. तो पाळण्यापासूनच आहे. माझं कुतूहल वेगळं आहे. त्या बाजाराला वाजवणारा माणूस किती लागत होता, आणि उलाढालीतलं त्याच्या ताटात काय पडत होतं?

जुन्या काळात सगळं गोड होतं, असंही नाही. ओप्रीच्या पहिल्या खऱ्या लोकप्रिय कलावंतांत डिफोर्ड बेली होते. कृष्णवर्णीय, लहानपणी पोलिओ झालेला, उंची पाच फुटांच्या आत, आणि तोंडात हार्मोनिका धरली की आगगाडी स्टेशनातून सुटून लांब निघून जाईपर्यंतचा सगळा प्रवास ऐकवणारा माणूस. 1927 मध्ये एका शनिवारी आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला, मग बेलींची आगगाडी झाली, आणि जॉर्ज हे म्हणाले, आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ग्रँड ओल ओप्री. कार्यक्रमाला नाव पडलं ते असं. दौऱ्यावर बेलींच्या नावानं गर्दी व्हायची, पण रात्री उतरायला त्यांना बाकीच्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे.

1941 मध्ये रेडिओ केंद्रं आणि ॲस्कॅप ही हक्कांची वसुली करणारी संस्था यांचं दरावरून भांडण झालं. केंद्रांनी ॲस्कॅपची गाणी वाजवणंच बंद केलं आणि 1939 मध्ये उभ्या केलेल्या बीएमआय या आपल्या स्वतःच्या संस्थेची गाणी धरली. बेलींच्या गाजलेल्या चिजा नेमक्या ॲस्कॅपच्या यादीतल्या. त्याच वर्षी त्यांना काढून टाकलं. सबब अशी दिली, की हा माणूस नवीन काही शिकत नाही. इतकी वर्षं तीच आगगाडी वाजव म्हणणारेही तेच होते. त्यानंतर बेलींनी नॅशव्हिलमध्ये बुटांना पॉलिश करायचं दुकान चालवलं. 1982 मध्ये ते गेले आणि 2005 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. त्या हॉलमध्ये सगळ्यांच्या ब्राँझच्या पाट्या गोल भिंतीवर लावल्यात. बेलींची पाटी मी पाहुण्यांना आवर्जून दाखवते. दोन दलालांच्या भांडणात वादकाचं घर कसं बुडतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्यापाशी नाही.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर राल्फ पिअरबद्दल बोलायला हवं. उन्हाळ्यात, 1927 मध्येच, व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीतर्फे टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन हा माणूस आला. तिथे त्याला कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स सापडले. आज त्या दोन आठवड्यांना कंट्रीचा जन्म म्हणतात. गाण्यामागे पन्नास डॉलर रोख, ही डोंगरातल्या माणसांच्या दृष्टीनं मोठी रक्कम होती. पिअरनं स्वतः मात्र कंपनीकडून पगार असा जवळजवळ घेतलाच नाही. त्याऐवजी गाण्यांचे प्रकाशन-हक्क आपल्याकडे ठेवले. पन्नास डॉलर महिन्याभरात संपतात, हक्क नातवंडांना पुरतात. हे तिथे फक्त एकालाच ठाऊक होतं.

हक्क लागायचे तर गाणं 'नवीन' हवं. म्हणून ए. पी. कार्टर डोंगरातून गाणी गोळा करत हिंडले. त्यांच्याबरोबर असायचे लेस्ली रिडल, कृष्णवर्णीय गिटारवादक. कार्टर शब्द लिहून घ्यायचे आणि रिडल चाल डोक्यात साठवायचे. कागदावर नाव लागलं कार्टरांचं. आणि विकताना कंपन्यांनी गोऱ्यांची तबकडी एका सूचिपत्रात, काळ्यांची दुसऱ्यात अशी वाटणी केली. एकाच ओसरीवर बसून वाजवणाऱ्यांचं संगीत दुकानात गेल्यावर वेगळं झालं. 2019 मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचं गाणं 'हे पुरेसं कंट्री नाही' म्हणून बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीतून वगळलं गेलं आणि तेच गाणं सर्वसाधारण यादीत सलग 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तेव्हा ते जुनं सूचिपत्र किती टिकाऊ निघालं हे कळलं.

विम्यामागून तंबाखू आली, पीठ आलं. लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्स यांना मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीनं पोसलं. कार्यक्रमाची सुरुवात पिठाच्या जाहिरातगीतानं. ते गाणं इतकं गाजलं की 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये श्रोत्यांनी त्याचीच फर्माइश केली! पिठाच्या पैशावर स्क्रग्सचं बँजो-वादन गावोगाव पोचलं, हे कबूल करायलाच हवं. आणखी मजेशीर प्रकरण हॅडाकॉलचं. लुइझियानाच्या डडली लब्लांक या राजकारण्यानं हे टॉनिक काढलं. त्यात बारा टक्के दारू. ज्या तालुक्यांत दारूबंदी, तिथे खप जोरात. 1951 मध्ये त्यानं जाहिरातीसाठी मोठा जलसा काढला. तिकीट म्हणून हॅडाकॉलच्या खोक्याची झाकणं द्यायची. त्या जलशात बड्याबड्या नटांच्या पंगतीला हँक विल्यम्स होते. दीडएक वर्षात, 1 जानेवारी 1953 च्या पहाटे, 29 वर्षांचे हँक गाडीच्या मागच्या सीटवर मरून पडलेले सापडले. त्याआधी काही महिने ओप्रीनं त्यांना दारूपायी काढून टाकलं होतं.

1950 च्या दशकाच्या मध्यात रॉक अँड रोल आलं, तरुण पोरं तिकडे पळाली आणि कंट्रीच्या तबकड्या पडून राहायला लागल्या. तेव्हा आरसीए या तबकड्यांच्या कंपनीचे चेट ॲटकिन्स आणि डेका या दुसऱ्या कंपनीचे ओवेन ब्रॅडली यांनी फिडल आणि स्टील गिटार बाजूला सारलं, व्हायोलिनचा ताफा आणला, मागे गोड कोरस लावला. याला म्हणतात नॅशव्हिल साउंड. ॲटकिन्सना कोणीतरी विचारलं, हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय हो? त्यांनी खिशात हात घालून नाणी खुळखुळवली, अशी गोष्ट सांगतात.

मला स्वतःला ती गाणी आवडतात, हे सांगून टाकते. शुद्धतावाद्यांनी हवं तर रागवावं. आणि त्या खुळखुळणाऱ्या पैशातून एक गोष्ट चांगली झाली: म्युझिक रो नावाची वसाहत उभी राहिली. सोळाव्या आणि सतराव्या ॲव्हेन्यूवरच्या साध्या घरांमधून स्टुडिओ, प्रकाशकांच्या कचेऱ्या, आणि रोज सेशनला येणारे पगारी वादक. तीन तासांचं एक सेशन, त्यात तीन-चार गाणी, युनियननं ठरवलेला दर. त्यांच्यातल्या पट्टीच्या मंडळींना ए-टीम म्हणत. ही माणसं गाण्याचा आराखडा आकड्यांत लिहितात: 1, 4, 5, 1. आकडा म्हणजे सा पासून कितव्या सुरावरचा कॉर्ड. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूज यांनी ती पद्धत काढली आणि चार्ली मॅकॉयनी ती सर्वांच्या हाती दिली. गायकाचा गळा बसला म्हणून पट्टी काळी चारवरून काळी दोनला आली तरी कागद तोच. ज्यांनी सा हलवून गायला शिकलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझे वडील मिरजेत भजनी मंडळाला पेटीवर साथ करायचे, त्यांना मी फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, मग वेगळं काय केलं त्यांनी?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक स्टील गिटारवाले राहतात. ओळख झाली ती त्यांच्या गॅरेजच्या उघड्या दारामुळे. संध्याकाळी फिरायला निघाले होते आणि आतून मींड ऐकू आली. अगदी मींडच, सुरावरून सुरावर न तुटता घसरत गेलेली. लहानपणी रेडिओवर हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी लागायची, त्याच जातकुळीचा आवाज. आत टेबलासारखं वाद्य, त्यावर दहा तारा, खाली पायानं दाबायचे पेडल आणि गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या. माणूस दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे वापरतो, आणि वर चेहरा असा की बँकेत रांगेत उभा आहे. तेव्हापासून मी त्यांच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसते, आणि धंद्यातल्या गोष्टी ऐकते.

त्यांची उमेदीची वर्षं 1990 च्या दशकातली. गार्थ ब्रुक्सचे अल्बम तेव्हा पॉप-रॉकला मागे टाकून खपत होते आणि म्युझिक रोवर काम मावत नव्हतं. सकाळी दहाला एक डेमो, दोनला दुसरा, सहाला तिसरा. डेमो म्हणजे गीतकारानं गायकाला ऐकवण्यापुरतं करून घेतलेलं ध्वनिमुद्रण. दर कमी, पण संख्या इतकी की त्यावर घर घेतलं, मुलं शिकवली. 'माझं नाव कुठल्याच तबकडीवर नाही,' ते म्हणतात, 'पण माझे हप्ते वेळेवर गेले.' आता डेमो गीतकार घरीच करतात. गेल्या दोन-तीन वर्षांत तर शब्द टाकले की एआय गाणं वाजवून, गाऊन देतं, स्टील गिटारसकट. त्यांनी एकदा असं एक मला ऐकवलं. मींड होती. कुठून शिकलं असेल, विचारलं, तर ते म्हणाले, 'आमच्याकडूनच. फी भरली नाही एवढंच.'

त्यांची बायको गीतकार. प्रकाशकाकडून तिला दरमहा उचल मिळायची, पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी. रोज कोणा ना कोणाबरोबर बसून गाणं लिहायचं, वर्षाला शंभराच्या वर. त्यातलं एखादं मोठ्या गायकाच्या अल्बमात लागलं की बस. हिट व्हायलाही नको, दहा गाण्यांत सातवं असलं तरी चाले, कारण अल्बम अख्खा विकला जायचा. त्याचा हिशेब तिनं मला पेपर नॅपकिनवर करून दाखवला. प्रत्येक प्रतीमागे एका गाण्याला तेव्हा कायद्यानं 9.1 सेंट. दहा लाख प्रती खपल्या तर 91 हजार डॉलर. निम्मे प्रकाशकाचे. उरलेले तिघा लेखकांत वाटले तर प्रत्येकी पंधरा हजार. त्यांच्या घराचं छप्पर अशाच एका सातव्या गाण्याचं आहे. आता लोक अल्बम विकत घेत नाहीत, आवडलेलं एक गाणं फोनवर ऐकतात. सातव्या गाण्याला कोणी विचारत नाही. तिची उचल बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्याबरोबर लिहिणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त घरं विकायच्या, म्हणजे रिअल इस्टेटच्या धंद्यात गेले. हा तिचा अंदाज. नॅशव्हिलच्या गीतकार संघटनेचं म्हणणं याहून भीषण आहे: पूर्णवेळ गीतलेखनावर जगणाऱ्यांपैकी दहातले आठ 2000 नंतर नाहीसे झाले.

या 9.1 सेंटचीही गंमत बघा. 1909 च्या कायद्यानं दर ठरला दोन सेंट. तो जवळजवळ सत्तर वर्षं दोन सेंटच राहिला. 2006 मध्ये 9.1 झाला आणि 2022 संपेपर्यंत तिथेच. 2023 ला बारा सेंट झाला, तोवर प्रती विकत घेणारेच उरले नव्हते. आणि रेडिओचं तर विचारूच नका. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला आणि वादकाला एक सेंटसुद्धा मिळत नाही. कायदाच तसा आहे. रेडिओमुळे तुमची जाहिरात होते ना, मग पैसे कशाला, हा युक्तिवाद शंभर वर्षं चालून गेला. आमचे शेजारी पेट्रोल पंपावर उभे असताना वरच्या स्पीकरमधून त्यांनीच वाजवलेलं स्टील ऐकू येतं, आणि ते मुकाट्यानं पेट्रोलचे पैसे देतात. भारतात 2012 च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क लिहून देऊनही जाणार नाही अशी सोय केली. अंमलबजावणीचं काय ते वेगळं, पण हे मी सांगितलं तेव्हा नवराबायको दोघांनी मला परत एकदा सांगायला लावलं.

रेडिओवर काय वाजतं हे कोण ठरवतं, याची कहाणी रटाळ आहे, थोडक्यात उरकते. 1996 च्या दूरसंचार कायद्यानं एका कंपनीनं देशभर 40 पेक्षा जास्त केंद्रं ठेवू नयेत ही अट उठवली. काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या आसपास केंद्रं गेली. गावागावातल्या निवेदकाची आवडनिवड संपली. 2003 मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर डिक्सी चिक्स या तीन बायकांच्या कंट्री बँडच्या नॅटली मेन्स लंडनच्या मंचावर बुशविरुद्ध एक वाक्य बोलल्या, आणि क्युम्युलस या कंपनीनं आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवरून त्यांची गाणी उतरवली. 2015 मध्ये कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागारानं जाहीर सल्ला दिला, की बायकांची गाणी कमी वाजवा, पुरुष गायक म्हणजे सॅलडमधला पाला आणि बायका टोमॅटो, अधूनमधून पुरे. इथल्या बायकांनी टोमॅटोचे टी-शर्ट काढले. गाणी फारशी वाढली नाहीत.

आता आमचे शेजारी ब्रॉडवेवर वाजवतात.

लोअर ब्रॉडवे म्हणजे नदीपासून वर चढत जाणारा दारूच्या गुत्त्यांचा रस्ता. या गुत्त्यांना हाँकी-टाँक म्हणतात. मागच्याच गल्लीला रायमन सभागृह, 1943 ते 1974 ओप्री तिथे व्हायची. मागच्या दारानं वादक बाहेर पडून टूट्सीज नावाच्या गुत्त्यात शिरायचे. ओप्री गावाबाहेर गेली आणि हा रस्ता ओसाड झाला. गहाणवटीची आणि नको त्या पुस्तकांची दुकानं आली. नव्वदीत रॉबर्ट्स नावाच्या बुटांच्या दुकानात काही पोरं जुनं कंट्री वाजवायला लागली आणि गर्दी परतली. त्या रॉबर्ट्सचे आजचे मालक मूळचे ब्राझीलचे, स्वतः रंगमंचावर उभे राहून जुनी कंट्री गाणी गातात. तळलेल्या बलोनीचं सँडविच तिथे अजून मिळतं. मार्च 2024 मध्ये टेनेसीच्या गव्हर्नरांनी कलावंताच्या आवाजाची एआयकडून नक्कल करण्याविरुद्धचा कायदा याच रॉबर्ट्समध्ये बसून सही केला. कायद्याचं नाव एल्विस. पण त्यानं गायकाच्या गळ्याला कुंपण घातलं. स्टीलच्या मींडीला ते पुरतं का, हे शेजाऱ्यांनी वकिलाला विचारायचं ठरवलंय. 2025 च्या नोव्हेंबरात एआयनं केलेलं गाणं बिलबोर्डच्या कंट्री डाउनलोडच्या यादीत पहिलं आलंच.

रॉबर्ट्सच्या आजूबाजूला आता गायकांच्या नावाचे तीन-चार मजली बार उभे आहेत. जेसन ऑल्डीन, ल्यूक ब्रायन, ब्लेक शेल्टन, मिरांडा लँबर्ट, एरिक चर्च, गार्थ ब्रुक्ससुद्धा. बहुतेकांत नाव गायकाचं आणि गल्ला हॉटेल-कंपनीचा. आत यायला तिकीट नाही. सकाळी दहापासून पहाटे दोनपर्यंत चार-चार तासांच्या पाळ्यांत बँड वाजतात, मजल्यागणिक वेगळा. बारकडून मिळते ती बिदागी नावापुरती. खरी कमाई बादलीतली.

मागच्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ आला होता. कोल्हापूरकडे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. लग्नं, गणपती, नेत्यांचे वाढदिवस. त्याला घेऊन शेजाऱ्यांच्या दुपारच्या पाळीला गेले. दारातच आवाजानं छाती दणाणली. गुलाबी टोप्या घातलेल्या मुलींचे घोळके, लग्नाआधीच्या सहलीला आलेले. मंचावर पाच जण. मागच्या भिंतीला टेकून आमचे शेजारी, चेहरा बँकेतला. गायिका गाणं संपवून प्लास्टिकची बादली घेऊन टेबलांमधून फिरायला लागली. बादलीवर मोबाइलनं पैसे पाठवायचा क्यूआर कोड चिकटवलेला. फर्माइशीला वीस डॉलर, लगेच हवी तर जास्त. एका टेबलानं एक गाणं मागितलं आणि पैसे टाकले. पलीकडच्या टेबलानं तेच बंद करायला त्याहून जास्त टाकले.

भाऊ माझ्या कानात ओरडला, 'ताई, ही तर दौलतजादा!'

त्याला खरं तर संगीतात रस नव्हता, हिशेबात होता. मध्यंतरात शेजारी खाली आले तेव्हा तो थेट विषयाला भिडला आणि मी दुभाष्या झाले. सुपारी कोण देतं? कोणीच नाही, बँडप्रमुख पाळी मिळवतो. बिदागी? शंभराच्या आसपास, मधल्या वारी त्याहून कमी. बादलीतले? पाच सारखे वाटे. शनिवारी रात्री चांगले दोन-तीनशे सुटतात, मंगळवारी दुपारी पार्किंगचे निघाले तरी नशीब. वाद्य कुठून आणता? पाच चौकांपलीकडे गाडी लावतो आणि ढकलगाडीवर घालून आणतो, वजन बरंच आहे. स्वतःची गाणी? त्यावर शेजारी हसले. बादलीत पडतात ती दुसऱ्यांची.

'म्हणजे वर ज्याच्या नावाची पाटी, त्याचीच गाणी तुम्ही वाजवायची, आणि पैसे टाकणार गिऱ्हाईक,' भाऊ म्हणाला. 'मग मालक देतो काय?'

'वीज,' शेजारी म्हणाले.

मी घरी येताना यावर खूप विचार केला. विमा कंपनीला पॉलिसी खपवायला अंकल जिमी लागत होते, म्हणून त्यांना मायक्रोफोन मिळाला. पीठवाल्यांनी स्क्रग्सना बस दिली. ते पैसे आपल्या खिशातून काढत होते आणि बदल्यात गाणं विकत घेत होते. आवडो न आवडो, तो सौदा होता. ब्रॉडवेवर गाणं ऐकायला लोक येतात, दारू मालकाची खपते, पाटीवरच्या गायकाला नावाचे पैसे पोचतात, आणि जो प्रत्यक्ष वाजवतोय त्याच्या मजुरीचा बहुतेक बोजा पाहुण्या मुलींच्या मर्जीवर टाकलेला. ट्रकची गाणी परवडली. त्यांच्यात निदान सेशनचा दर तरी होता.

हे मी शेजाऱ्यांना बोलून दाखवलं तर ते माझ्यावरच वैतागले. दया दाखवू नकोस म्हणाले. बादलीत काय पडेल ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं, प्रकाशकाच्या हिशेबावरून कधीच कळायचं नाही. आणि ब्रॉडवेवरची पंचविशीतली पोरं चारशे-पाचशे गाणी तोंडपाठ, कुठल्याही पट्टीत वाजवतात. अशी तालीम त्यांच्या पिढीला मिळाली नव्हती. त्यातलेच काही उद्या मोठ्या गायकांच्या बसमधून दौऱ्यावर जातात. ती बस अजून आहे. तिच्यात लागणाऱ्या माणसांची संख्या कमी झाली आहे, इतकंच.

भावाला हे पटलं. त्याच्याकडेही आधी पंधरा जणांचा ताफा असायचा, तो सांगायला लागला. सनई-ट्रम्पेटवाले आधी गेले, मग व्हायोलिन, मग ढोलकी. आता पेन ड्राइव्हवर ट्रॅक, समोर दोन गायक, एक की-बोर्डवाला आणि तो. परवा तर वाढदिवसाच्या एका कार्यक्रमात की-बोर्डवालाही नव्हता, नुसता लॅपटॉप. लोकांना काही फरक पडला नाही, सुपारी तेवढीच ठरली आणि वाटेकरी कमी झाले.

मी हे भाषांतर करून सांगत असताना शेजारी मान डोलवत ऐकत होते. वरच्या मजल्यावर इथेही डीजेच असतो, त्यांनी बोट दाखवलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि काउंटरकडे एक नजर टाकून मला म्हणाले, 'त्याला सांग, हे जरा हळू बोल. मॅनेजर इथेच उभा आहे.'